संपर्कपत्रकातलं तिसरं नाव

मुळशीकडे जाणाऱ्या पुणेकरांचा एक ठरलेला रिवाज आहे. शनिवारी निघायचं, धरण बघायचं, भाजलेलं कणीस खायचं, फोटो काढायचे आणि संध्याकाळी चांदणी चौकातल्या गर्दीला शिव्या घालत घरी यायचं. मी निघाले ती बुधवारी, सकाळी सातच्या शहर बसनं, मांडीवर जाड तपकिरी फाइल घेऊन. धरण मी अजून धड पाहिलेलं नाही. गेली सोळा वर्षं त्या तालुक्यात जाते आहे, पण जाते ती पोरांना प्रश्न विचारायला.

काम काय ते आधी सांगते. लहानपणी ज्यांना मारलं जातं, कोंडलं जातं, उपाशी ठेवलं जातं, त्यांचं मोठेपणी काय होतं, आणि मारणारे मुळात का मारतात, याचा एक लांब पल्ल्याचा अभ्यास आमची संस्था करते. तालुक्यातली काही मुलं सात-आठ वर्षांची असताना निवडली. दर तीन वर्षांनी त्यांच्याकडे परत जायचं आणि तेच प्रश्न पुन्हा विचारायचे. शिकलेली मंडळी पुण्यात पंख्याखाली बसून तक्ते मांडतात, आणि माझ्यासारख्या मुलाखतकार चपला झिजवतात. तक्रार नाही, पोटापाण्याचं काम आहे.

या वर्षी मात्र बाहेरून कोणी परीक्षक आले आणि त्यांनी साधा प्रश्न विचारला, मधेच गळालेली मुलं कुठं आहेत? आमच्याकडे उत्तर नव्हतं. मग वरातीमागून घोडं दामटायला सुरुवात झाली. आकडेवारी सांभाळणारा निखिल नावाचा मुलगा माझ्या हातात यादी देऊन म्हणाला, "मॅडम, यातले जेवढे नमुने सापडतील तेवढे बघा." नमुने म्हणे. माझ्या डोक्यात तिडीक गेली, पण सोळा वर्षं मीही तोच शब्द वापरत आले होते, तेव्हा बोलायला तोंड नव्हतं.

यादीत पहिलं नाव होतं कमळ. उरवड्याच्या वरच्या डोंगरातल्या वाडीवरची मुलगी, पहिल्या भेटीत आठ वर्षांची. बसमध्ये मी तिचं संपर्कपत्रक उघडलं. प्रत्येक मुलाखतीच्या शेवटी आम्ही तो कागद भरतो. "तू कुठंही गेलीस तरी तू कुठं आहेस हे ज्यांना ठाऊक असेल, अशा तीन माणसांची नावं सांग." मूल सांगेल तसंच लिहायचं, हा नियम. माझ्याच अक्षरात तिथं लिहिलेलं होतं, एक, आई, वाडीवर. दोन, आत्या, घोटावडे. तीन, फारमवाल्या बाई.

फारमवाल्या बाई म्हणजे मी. फॉर्म घेऊन येते म्हणून वाडीवरची पोरं मला तसं म्हणायची.

पुढच्या पानावर तीन वेगवेगळ्या वर्षांत एकच वाक्य लिहिलं होतं, "कुटुंब स्थलांतरित. संपर्क तुटला." तिन्हीखाली माझी सही. चौथ्या खेपेला तिचं नाव यादीतूनच काढून टाकलेलं. पोरीनं माझं नाव दिलं होतं, आणि मीच सही करून सांगितलं होतं की ती कुठं आहे ते कुणालाच माहीत नाही. भूगाव कधी गेलं, भुकूम कधी गेलं, मला कळलं नाही.

पिरंगुटला उतरले तेव्हा पहिल्या पाळीची गर्दी ओसरत होती. नाक्यावर डबे घेतलेले कामगार हिंदीत एकमेकांना हाका मारत ट्रकमागून वाट काढत होते. फाल्गुनातलं ऊन सकाळीच चटका देत होतं. एका गाड्यावर पोहे घेतले, वर तर्री मागितली, आणि चहाच्या दुसऱ्या कपाच्या नादात घोटावड्याची बस डोळ्यांदेखत निघून गेली. पुढची कधी, असं विचारलं तर पोहेवाला म्हणाला, "आली की आली." असल्या उत्तरावर वाद घालता येत नाही.

रस्त्याच्या कडेला उभी होते तेव्हा एक पांढरी गाडी थांबली. पस्तिशीचा माणूस, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. "काकू, घोटावड्याला का? बसा, मी हिंजवडीलाच चाललोय." मूळचा लातूरचा, आता पिरंगुटच्या नव्या इमारतीत फ्लॅट घेतलेला. मागच्या सीटवर लहान मुलाची पाण्याची बाटली लोळत होती. मी काय काम करते ते ऐकून त्याला फार बरं वाटलं.

"गरज आहे हो याची. वस्तीवरचे लोक पोरांना फार मारतात," तो म्हणाला. "म्हणजे मार आम्हीपण खाल्ला. मास्तरांचा, वडिलांचा. काय वाईट झालं? उलट त्यामुळंच इथपर्यंत आलो. पण आमच्या मुलावर आम्ही हात उचलत नाही. एकदम नो."

"मग हट्ट केला तर?"

"बाथरूममध्ये ठेवतो. लाइट बंद करून. पाच-दहा मिनिटं. डिसिप्लिनसाठी."

"आत काय करतो तो?"

"गाणी म्हणतो," तो हसून म्हणाला. "मोठमोठ्यानं. सहा वर्षांचा आहे, पण मस्त गातो."

त्या पोराला त्या अंधारात मोठमोठ्यानं गावं लागतं, हे बापाला कळत नव्हतं आणि मला कळत होतं. तरी मी गप्प बसले. मुलाखतकारानं मत द्यायचं नाही, हा आमचा आणखी एक नियम. आणि खरं सांगायचं तर त्याच्या गाडीत बसून त्याला बोलायची भीडही वाटली. घोटावड्याच्या फाट्यावर उतरून आभार मानले आणि स्वतःवरच चिडत चालायला लागले.

कमळची आत्या सापडायला मला वीस मिनिटं लागली. एका शेतघराच्या मागे ती हरभऱ्याचे डहाळे उपटत बसली होती. साठीची, काटक, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. नाव-गाव सांगितलं तशी तिनं मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं.

"सोळा वर्सं झोपला व्हता व्हय?"

"घराला कुलूप होतं, आत्याबाई. तीनदा आलो आम्ही."

"कवा आलता?"

"दिवाळीनंतर."

ती हसली, पण त्या हसण्यात माया नव्हती. "दिवाळी झाली की समदी वाडी वीटभट्टीवर जातीया. आखाडाच्या तोंडाला परत येत्यात. ह्ये शेंबडं पोर बी सांगल. आन मी तर हितंच हाय. मालकाच्या जागंवर तीस वर्सं. मला कुनी इचारलं न्हाई."

संस्थेचं वर्ष दिवाळीच्या सुट्टीनंतर सुरू होतं, म्हणून भेटींची फेरी त्या वेळी. घरं बंद असणार हे वाडीतल्या कुत्र्यालाही ठाऊक होतं, आम्ही मात्र दर वेळी कुलूप बघून, शेजारीपाजारी न विचारता, शहाण्यासारखे परत. ज्या पोरांचे आईबाप सहा-सहा महिने भट्टीवर जातात आणि जी कुणाच्या तरी दारात ठेवली जातात, त्यांचं काय होतं हेच तर बघायचं होतं. नेमकी तीच आमच्या अभ्यासातून गळाली. उरलेल्यांवर आम्ही गुळगुळीत कागदावर अहवाल छापले.

आत्यानं मूठभर सोलाणे (हिरव्या हरभऱ्याचे ओले दाणे) माझ्या ओंजळीत टाकले. "कमळी उरवड्याला हाय. कंपनीत पॅकिंगला जाती. तिच्या लेकीवरनं घरात लई राडा चाललाय. आता आलाच हाईत तर जावा." तिनं पदराच्या गाठीतून चिठ्ठी काढून फोन नंबर दाखवला. तीन मिनिटांत सगळं झालं. तेरा वर्षांची "संपर्क तुटला" ही नोंद मोडायला एवढंच पुरलं. मी सोलाणे खात बसची वाट बघत उभी राहिले आणि त्यांची चव काही लागेना.

उरवड्याला कारखान्यांच्या मागच्या बाजूला पत्र्याच्या खोल्यांची एक रांग आहे. चौथ्या दारात पुठ्ठ्याच्या खोक्यांचं घर करून एक चार वर्षांची मुलगी खेळत होती. आतून एक तरुण बाई आली. कपाळावरचा लहानपणचा तीळ तसाच होता.

"फारमवाल्या बाई ना?" ती म्हणाली. "केस पिकलं की तुमचं."

मी ओळख द्यायचं ठरवलेलं वाक्य विसरले. कमळनं विचारलंही नाही की का आलात. तिला तीनला पाळीवर जायचं होतं, त्यामुळे आधी तांदळाची भाकरी थापली, सुकटीची चटणी केली आणि मला जेवायला बसवलं. मुलीचं नाव परी. नवरा टेम्पो चालवतो, चार-चार दिवस बाहेर असतो. शेजारी बीडकडच्या सुरेखाताई राहतात, त्याच परीला बघतात, पण त्यांचीही कंपनी आता सुरू होणार. इथपर्यंत सगळं साधं होतं.

मग कमळनं ताट बाजूला सारलं. "आय म्हंती परीला वाडीवर ठिव. माजी आय मामाकडंच ऱ्हाती आता. आमचं मालक बी म्हंत्यात, ठिव की, तुजा मामा पोरांना चांगलं सांभाळतो. येत्या सोमवारी न्यायचं ठरवलंया त्यांनी."

"आणि तुला नाही पाठवायचं."

"तुमाला ठावं हाय ना का त्ये."

मला ठाऊक होतं. आईबाप भट्टीवर गेल्यावर आठ वर्षांची कमळ मामाकडे शेळ्या राखायला राहिली होती. मी तिची मुलाखत आंब्याखाली घेतली तेव्हा तिच्या पाठीवर भाजल्याच्या खुणा होत्या. मी फाइल उघडली. प्रश्न होता, अंगावर खुणा दिसतात का, असल्यास कशाच्या? तिथं मी लिहिलं होतं, "मामानं उलथनं तापवून दिलं. शेळी हरावली म्हून." त्यावर एक रेघ मारलेली. रेघेच्या वर, माझ्याच हातानं, "घरगुती उपचार (डाग)." शेजारी माझी सही.

डाग म्हणजे दुखण्यावर तापल्या लोखंडाचा चटका द्यायचा जुना उपाय. त्याच्या आदल्या आठवड्यातच आम्हाला शिकवलं होतं की स्थानिक प्रथांचा मान राखा, उगाच प्रत्येक खुणेला अत्याचार म्हणू नका. आणि नियम असा होता की जखमेची नोंद घरातल्या मोठ्या माणसाला वाचून दाखवायची आणि त्याचा अंगठा घ्यायचा. घरात मोठं माणूस एकच, मामा. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या द्याव्यात तशी ही पडताळणी. मी त्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "पोट फुगलं व्हतं, डाग दिला, म्हून जगली." मला प्रथा कळते याचा मला अभिमान वाटला आणि मी रेघ मारली. पोटफुगीचा डाग पोटावर देतात. खुणा पाठीवर होत्या, आणि मी त्या डोळ्यांनी बघितल्या होत्या.

"मला वाटलं, तुमी लिवलंय म्हंजी आता काय तरी हुईल," कमळ म्हणाली. आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "तुमची जीप खाली उतरली. मग मामानं इचारलं, बाईला काय सांगितलंस? आन दुसऱ्या अंगाला बी दिला."

बाहेर परी खोक्याचं दार उघडत होती आणि लावत होती. मी फाइलकडे बघत बसले. आमच्या अभ्यासाचा प्रत्येक कागद मुलांना अपाय होऊ नये म्हणून तपासला जातो, असं आमच्या माहितीपत्रकाच्या पहिल्याच पानावर छापलेलं आहे.

"आता काय अडलंय ते सांग," मी कशीबशी म्हणाले.

"आयला सांगितलं म्या, मामानं मला जाळलं व्हतं. ती म्हंती, डाग व्हता. मालक बी त्येच म्हंत्यात. म्हंत्यात, पुन्याच्या बायांनी बी तसंच लिवलंया, मामानं अंगठा दिलाय, कागद हाय. म्या एकटीच खोटी." "तुमी आयला सांगा. मी आठ वर्साची काय बोलले व्हते, त्ये वाचा."

"तक्रार करायची का? मी येते बरोबर. साक्ष देते."

"मला त्याला तुरुंगात न्हाई घालायचं, बाई. माज्या पोरीला वाडीवर न्हाई घालायचं."

संस्थेचे नियम माझ्या डोक्यात ओळीनं उभे राहिले. मुलाखतीतलं घरच्यांना सांगायचं नाही, कौटुंबिक वादात पडायचं नाही, जुनी कागदपत्रं दाखवायची नाहीत. सोळा वर्षांपूर्वी मामाला वाचून दाखवताना यातला एकही नियम आडवा आला नव्हता. कमळचे शब्द कमळचेच होते, आणि ती माझ्यासमोर बसून वाचा म्हणत होती. दुसऱ्या दिवशी गुरुवार, कारखान्याला सुट्टी. आम्ही सकाळी आठला भेटायचं ठरवलं.

गुरुवारी परीला सुरेखाताईंकडे ठेवून आम्ही निघालो. गावाच्या पलीकडं डांबरी संपते आणि वाट दांडावरून (डोंगराच्या धारेवरून) वर चढते. गवत वाळून पिवळं झालं होतं, मधे मधे वणव्यानं काळे पडलेले पट्टे. एका काटेसावरीला एकही पान नव्हतं, नुसती लाल फुलं. पन्नाशी उलटलेल्या बाईनं असल्या चढावर शहरी चप्पल घालून येऊ नये, पण मी आले होते, आणि अर्ध्यावर चपलेचा पट्टा तुटला. कमळनं एका कुंपणाची सुतळी सोडून ती पायाला बांधून दिली.

"पैल्यांदा आलता तवा जीपनं आलता," ती म्हणाली.

"हो."

"मग चालत यायला लई वर्सं लागली."

वर पोचून मागे बघितलं तर खाली कारखान्यांची निळी पत्र्याची छपरं, त्यापलीकडे पिरंगुटचा रस्ता, आणि लांब धुरकट उन्हात हिंजवडीकडचे उंच मनोरे. हे सगळं वाडीवरून दिसतं. त्या मनोऱ्यांतून वाडी दिसत असेल असं वाटत नाही.

आठ-दहा घरं. बहुतेक कुडाची, म्हणजे कारवीच्या काठ्या विणून वर शेणमाती लिंपलेली, दोन सिमेंटची. माणसं आपसात त्यांच्या बोलीत बोलत होती आणि मला बघून मराठीवर आली. भट्टीवर न गेलेली म्हातारी माणसं तेवढीच घरी होती. कमळची आई चुलीपुढं नाचणीची भाकरी भाजत होती. आणि मामा अंगणात मोळीच्या दोऱ्या वळत बसला होता.

मी वाटेत त्याचा चेहरा मनात कितीदा तरी तयार केला होता. तसं काही नव्हतं. वाळलेला म्हातारा, एका डोळ्यात मोतीबिंदू. मला बघून तो उठला, गोणपाट झटकून अंथरलं, तांब्याभर पाणी आणलं. "बाई, लई दिसांनी," तो म्हणाला आणि खरोखर आनंदानं हसला. मला तहान लागली होती. मी ते पाणी प्याले, आणि प्यायल्यावर स्वतःचा राग आला.

कमळनं वेळ घालवला नाही. "आय, हिकडं बस. बाई वाचनार हाईत."

आई हात पुसत आली. मी फाइल उघडली. आमच्या कामात एक शिस्त आहे, आणि तिच्यावर मी कितीदा तरी वैतागले आहे. फॉर्मवर काही खोडायचं असेल तर गिरबटायचं नाही. एकच सरळ रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि शेजारी सही करायची. त्या शिस्तीमुळं कमळचं वाक्य रेघेखाली जिवंत राहिलं होतं. मी आधी तारीख वाचली, मग प्रश्न, मग ते वाक्य तिनं सांगितलं तसं. मग सांगितलं की ही रेघ मी मारली, वरचं मी लिहिलं, आणि ते चुकीचं होतं. पोरीनं खरं सांगितलं होतं. मी तिच्या पाठीवरच्या खुणा बघूनही मामाचं ऐकलं.

"आन बाई गेल्यावर परत दिला," कमळ म्हणाली. "दुसऱ्या अंगाला. त्ये कुटंच लिवल्यालं न्हाई."

आई फाइलकडं बघत राहिली. तिला वाचता येत नव्हतं, पण ती बोट लावून विचारायला लागली, रेघ कोणती, सही कोणती. मी दाखवली. चुलीवरची भाकरी करपल्याचा वास आला, तरी ती उठली नाही.

"मी भट्टीवरनं आले तवा बघितलं व्हतं," ती शेवटी म्हणाली. "पोटाचा डाग कुनी पाठीला देत न्हाई. मला बी कळत व्हतं. पन ह्यो म्हनला, पुन्याच्या बाया येऊन बघून गेल्या, लिवून गेल्या. म्हनलं, शिकल्याली मान्सं हायेत, त्यांनी लिवलंय म्हंजी तसंच आसल. म्हून मी गप बसले."

मी खूप वर्षं मुलाखती घेते आहे. लोकांनी दिलेली उत्तरं ऐकून मला रडू येत नाही, तशी सवयच झाली आहे. त्या अंगणात मात्र मान वर करता येईना. पोरीला एक माणूस होतं जे विश्वास ठेवू शकलं असतं, आणि माझ्या एका रेघेनं ते माणूस तिच्यापासून तोडलं होतं.

मामाच्या हातातली दोरी थांबली होती. "शेळी वरच्या मालकाची व्हती," तो म्हणाला. "सापडली न्हाई तर मला झोडलं आसतं. आन आमाला काय कुनी फुलं वाहिली न्हाईत." त्यानं पायावरचं धोतर सरकवलं. पिंढरीवर जुना, चकाकता, लांबट वण होता. "मी धा वर्साचा व्हतो. बैल शेतात शिरला म्हून. मेलो का? न्हाई मेलो."

आदल्या दिवशी थंडगार गाडीत बसलेल्या माणसानं हेच म्हटलं होतं, आम्हीपण खाल्ला, काय वाईट झालं. आमचा अभ्यास कारणं शोधतो म्हणतात. ते कारण समोर बसलं होतं, पिंढरी उघडी टाकून. त्याला आम्ही कधी विचारलं नाही, फक्त त्याचा अंगठा घेतला. त्या वणाकडं बघून मला त्या दहा वर्षांच्या मुलाचं वाईट वाटलं, आणि म्हाताऱ्याचा राग तसाच राहिला. दोन्ही एकदम वाटू शकतं, हे सांगायला हरकत नाही.

या वेळी मी गप्प बसले नाही. "तुम्हाला दिला तेही वाईटच केलं," मी म्हणाले. "पण तुम्ही दिलेला डाग तुमच्या हातचा आहे. तो बैलाच्या मालकावर घालता येणार नाही."

धोतर खाली सोडून तो दोरीकडं वळला, पण बोटं चालेनात.

कमळची आई उठली. करपलेली भाकरी तिनं तव्यावरून काढून बाजूला टाकली, तवा उतरवला आणि आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या काखेत गोधडी आणि एक पिशवी होती. "कमळे, पोर वर येनार न्हाई. मीच खाली येते."

"आन मी?" मामा म्हणाला.

"तुला भाकरी येती भाजाया," ती म्हणाली आणि पुढं चालू लागली.

आम्ही तिघी उतरायला लागलो. आई पुढं, अनवाणी, तरण्या पोरीला लाजवेल अशा वेगात. मधेच एकदा थांबून तिनं कमळच्या पाठीवर पोलक्यावरूनच हात ठेवला, जिथं खुणा होत्या तिथं, आणि लगेच काढून घेतला. कमळ चालत राहिली. खाली खोलीवर परीनं आजीची पिशवी बघून आधी विचारलं, खायला काय आणलंस. कमळच्या नवऱ्याला फोन लागला. तो बराच वेळ काहीतरी म्हणत होता. मग आईनं फोन घेतला आणि म्हणाली, "जावयबापू, म्या ऐकलंय समदं. सोमवारचं ऱ्हाऊ द्या." तिथं तो विषय मिटला.

बसथांब्यापर्यंत कमळ सोडायला आली. आता मुलाखती टॅबलेटवर असतात. शेवटचा पडदा उघडला, तोच जुना प्रश्न. तू कुठंही गेलीस तरी तू कुठं आहेस हे ज्यांना ठाऊक असेल, अशा तीन माणसांची नावं सांग.

"आय," कमळ म्हणाली. मी लिहिलं. "सुरेखाताई." तेही लिहिलं. मग ती माझ्याकडं बघत राहिली. मला वाटत होतं ते मी सांगणार नाही, वाचणाऱ्याला कळलंच असेल.

"तिसरं मोकळं ठिवा," ती म्हणाली. "परत आलात तर भरू."

बस आली. पिरंगुट, भुकूम, भूगाव उलट्या क्रमानं गेलं. पायात सुतळी बांधलेली चप्पल, समोरच्या सीटवर कुणाची तरी रडून दमून झोपलेली पोर. घरी कुणी विचारलं असतं मुळशी कशी आहे, तर मी काय सांगितलं असतं कोण जाणे. डोंगर छान आहेत, काटेसावर फुलली आहे. आम्ही तिथं सोळा वर्षं जातो आहोत, नीट छापलेले कागद घेऊन, आणि एका पोरीला जे सांगायला आठव्या वर्षी हिंमत लागली ते आम्ही एका रेघेत खोडलं, हेही तितकंच खरं आहे. मारणाऱ्याचा हात एक असतो. आमच्यासारख्या लिहिणाऱ्यांचे हात पुष्कळ असतात, आणि कुणी त्यांच्याकडं बघत नाही.

शुक्रवारी कार्यालयात निखिलनं टॅबलेट तपासला. "मॅडम, तिसरं नाव राहिलंय. ते भरल्याशिवाय फॉर्म पुढं जात नाही. काहीतरी टाका ना, शेजारीण वगैरे."

"नाही टाकायचं," मी म्हणाले.

"मग ती केस अपूर्णच दाखवणार."

"अपूर्णच आहे."

त्यानं खांदे उडवले आणि दुसऱ्या कामाला लागला. मी घरी आल्यावर स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर पुढच्या गुरुवारी गोल केला. त्या दिवशी उरवड्याच्या कारखान्यांना सुट्टी असते, आणि मी रजा टाकली आहे.